शिंपलीतलं काजळ

मोतीबिंदू काढल्यापासून डोळ्यांत औषधाशिवाय काही घालायचं नाही असा मला हुकूम झाला आहे, आणि हुकूम करणारी डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची आहे. मी तिला विचारलं, "अगं बाई, काजळसुद्धा नाही?" तर ती हसली. "आजी, या वयात काजळ कुणासाठी?" काय उत्तर द्यायचं या पोरीला! काजळ म्हटलं की मला वहिनीचं बोट आठवतं. गार, जरासं खरबरीत, एरंडेलाचा वास येणारं. ते डोळ्याच्या कडेनं एकदाच फिरायचं, मग ती माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, "आता बघ कशी दिसतेस." बघणार कशात? आमच्या घरी आरसा एकच, बाबांच्या दाढीचा, आणि तो उंच खुंटीला. मी कशी दिसते ते मी वहिनीच्या तोंडाकडे बघूनच ओळखायचे. ती हसली की मी छान दिसत असणार. आता मला तसं कुणी बघत नाही. सगळे मी पडणार तर नाही ना, एवढंच बघतात.

रेवदंड्याला खाडीच्या अंगाला आमची वाडी होती. नारळ, पोफळी, मधूनमधून जायफळाची झाडं, आणि वाडीच्या पोटात कौलारू घर. पहाटे रहाट सुरू व्हायचा. बैल गोल फिरतोय, गाडगी भरून वर येताहेत, पाणी पन्हळीत पडतंय, आणि लाकूड आपलं कुरकुरतंय. तो आवाज चालू असेतो आम्हा पोरांची झोप मोडत नसे. बैल सोडला, रहाट थांबला, की एकदम जाग यायची. त्यानंतर आईची भाकरी थापण्याची थपथप. तांदळाची भाकरी, तव्यावरून उतरली की वाफ सोडणारी, आणि तिच्यासोबत रात्रीचं मुरलेलं कालवण. वारा फिरला की कोळीवाड्यातल्या सुकटीचा वास थेट ओटीवर यायचा. बाहेरगावचे पाहुणे नाकाला पदर लावत, आणि आई त्यांच्याकडे असं बघे की पदर आपोआप खाली यायचा. आज कुठल्याही बाजारात सुकटीच्या ढिगाजवळून गेले की माझे पाय थांबतात. सून म्हणते, "आई, चला ना, वास मारतोय." मारू दे की!

आईचा दरारा मोठा होता. बाबा वाडीचे मालक, पण घरातलं पान आईच्या शब्दाशिवाय हलत नसे. आणि आईचा सगळा मान, सगळा रुबाब एका पितळी डबीत होता, असं म्हटलं तरी चालेल. काजळाची डबी. तिच्या सासूनं तिला दिलेली, आणि त्या सासूला तिच्या सासूनं. आंघोळी आटोपल्या की आई ओटीच्या पायरीवर ती डबी घेऊन बसायची. मी, माझा धाकटा भाऊ विठू, आणि आजूबाजूच्या घरांतली यच्चयावत पोरं ओळीनं उभी राहायची. आईच्या हातचं काजळ म्हणजे दिवसभर दृष्ट लागायची नाही, असा सगळ्या आळीचा भरवसा. आईचं बोट डबीत जायचं, एकाच्या डोळ्यातून निघायचं, पुन्हा डबीत, पुन्हा पुढच्याच्या डोळ्यात. मध्ये बोट पुसायचं नाही. हा नियम! मधेच बोट पुसलं तर घरात फूट पडते असं आईला तिच्या सासूनं सांगितलेलं. ओळीतलं शेवटचं पोर झालं की त्याच्याच केसांना बोट पुसायचं. आणि दुसरा नियम असा की डबीचा तळ कधी दिसू द्यायचा नाही. जुनं काजळ संपायच्या आत त्यावरच नवं भरायचं. म्हणजे त्या डबीच्या बुडाशी पणजीच्या हातचंही थोडं काजळ असणार. आम्हाला त्याचा केवढा अभिमान! "आमच्या डबीत पणजीचं काजळ हाय," असं मी शाळेत ऐटीत सांगत असे. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा ती श्रीमंतीच वाटे.

दादा माझ्याहून बराच मोठा. मुंबईला गोदीत कामाला होता. त्याचं लग्न झालं आणि तळ्याकडची वहिनी घरात आली. तळा म्हणजे डोंगराच्या कुशीतला मुलूख, भातशेतीची माणसं. वहिनीनं तोवर समुद्र बघितला नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला किनाऱ्यावर नेलं, तर ही बाई पदर तोंडात धरून उभीच राहिली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "एवढं पानी, आन् एक पेला पिता येत न्हाय?" मी घरी येऊन ते सगळ्यांना सांगितलं. बाबा कधी नव्हे ते मोठ्यानं हसले. पहिल्यांदा आईनं तिच्यासमोर तिसऱ्यांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, टोपली ओतली तेव्हाही तेच. "आत्याबाई, ह्ये दगड शिजवायचे?" आई म्हणाली, "दगड न्हाय गो, बघत ऱ्हा." पातेल्यात पाणी उकळलं, तिसऱ्या आत पडल्या, आणि एकेक करून तोंड उघडायला लागल्या. वहिनी चुलीपुढे उकिडवी बसून टक लावून बघत होती. एक उघडली की टाळी वाजवायची. घरची सून चुलीपुढं टाळ्या वाजवतेय म्हणून आईनं कपाळाला हात लावला, पण तोंड फिरवून हसलीही. मी पाहिलं ना!

जेवणं झाली की आम्ही शिंपल्या माडाच्या बुंध्याशी टाकत असू. वहिनीनं त्यांतल्या चांगल्या चांगल्या जोड्या वेचून आणल्या. चुलीतल्या राखेनं घासल्या, आधणात टाकल्या, कौलांवर उन्हात वाळवल्या. आतून त्या पांढऱ्या, कुठं जांभळी रेघ, कुठं पिवळसर झाक. ती एकेक हातात घेऊन किती वेळ बघत बसायची. तळ्याला असलं काही नाही ना. आमच्या पायाखालचा कचरा तिला दागिन्यासारखा वाटत होता. मला म्हणाली, "शेवंता, बघ. हिचं झाकण तिला बसत न्हाय. ज्याचं त्यालाच." मी करून बघितलं. खरंच की. जन्मभर तिसऱ्या खाऊन मला ते ठाऊक नव्हतं.

काजळ करायची तिची तऱ्हाही वेगळी होती. आई एरंडेलाचा दिवा लावी, वर पालथं ताट धरी, आणि जमेल ती काजळी तुपात कालवी. वेळ नसेल तर घरात रोज जळणाऱ्या उंडीच्या तेलाच्या दिव्यावरचीही काजळी खरवडून घेई. ती डोळ्यांत भारी झोंबायची. वहिनीला ते चालायचं नाही. बांधावरून ती माका उपटून आणायची. त्याचा रस काढून त्यात जुन्या मऊ धोतराची चिंधी भिजवायची, सावलीत वाळवायची, पुन्हा भिजवायची. तिची वात. एरंडेल माहेरून आलेलं, जाड, पिवळं. संध्याकाळी पडवीच्या कोपऱ्यात, वारा नसेल तिथं, दोन विटांवर तांब्याची ताटली पालथी घालून खाली दिवा ठेवायची, आणि आम्हाला जवळून धावायची बंदी. "वाऱ्यानं ज्योत हालली का काजळ रुसतं," म्हणायची. सकाळी ताटलीला मखमलीसारखी काजळी धरलेली असे. ती नारळाच्या हिरानं, झावळीच्या बारीक काडीनं, हळूच झाडायची, पुन्हा पुन्हा पाण्यात धुतलेलं लोणी तीत घालायचं, पाण्याचा टिपूस राहणार नाही असं निथळून, आणि किंचित कापूर. मग बोटानं घोटायचं, घोटायचं, घोटायचं. तिच्या बांगड्या एका लयीत वाजत राहायच्या. मी शेजारी बसून वालाच्या शेंगा सोलत असायचे. असं सुख मला नंतर मिळालं नाही असं नाही, पण ते ओळखायला मी त्यानंतरच शिकले.

तर ते काजळ तिनं शिंपल्यांत भरलं. एक माझी, एक विठूची, एक दादाची, तो सुट्टीला आला की लावायला. बाबांनासुद्धा एक! झाकण लावून वरून रंगीत दोरा गुंडाळलेला, माझा हिरवा. आणि आईपुढं एक सगळ्यांत मोठी, लाल दोऱ्याची शिंपली ठेवून म्हणाली, "आत्याबाई, ही तुमची."

आईनं शिंपलीकडे बघितलं, आमच्या हातांतल्या शिंपल्यांकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला. "ज्याची त्याची येगळी? म्हंजे उद्या चूल पण ज्याची त्याची का?"

"तसं न्हाय हो. मला आपल्या शिंपल्या आवडल्या म्हून..."

"माझी डबी हाय," आई म्हणाली आणि उठून गेली. शिंपली तिथंच राहिली. वहिनीनं ती उचलून देवाच्या कोनाड्यात ठेवली. आम्ही पोरं शिंपल्या सोडेना, म्हणून आईनं "खेळा मेल्यानू" म्हणून आमचा नाद सोडला. ओळीत आता फक्त शेजारची पोरं उभी राहात, आणि आई पायरीवर जरा ताठच बसे. लोक पुढं मला म्हणत, तुमची वहिनी शहाणी, तिला रोगराईतलं कळत होतं. छे हो! तिला काही कळत नव्हतं. तिनं प्रत्येकाला शिंपली दिली ती हौसेनं. मला आवडलं ते तुलाही घे, एवढंच. आम्ही वाचलो ते तिच्या हौसेनं वाचलो.

पुढच्या वर्षी वहिनी तळ्याहून बाळंत होऊन आली. नमूला घेऊन. गोरी, गुटगुटीत, आणि डोळे तर असे की बघणाऱ्यानं दुसरीकडे बघूच नये. नमूचीही एक शिंपली होती, कवडीएवढी. आई म्हणाली, "माझ्या नातीला घरचं काजळ लावीन." वहिनी "हो" म्हणायची, आणि आईच्या आधी उठून नमूच्या डोळ्यांत आपलं काजळ घालून मोकळी व्हायची. आईला ते दिसत होतं. ती नमूला मांडीवर घेई तेव्हा त्या काजळाकडे असं बघे, जसं परक्यानं आपल्या भिंतीवर काही लिहून ठेवलं आहे.

त्या वर्षी भातं कापणीला आली आणि गावात डोळ्यांची साथ आली. कोळीवाड्यातून सुरुवात, मग पेठ, मग आमची आळी. घरोघरी हळदीचे फडके घेऊन माणसं डोळे टिपत बसलेली, माश्या हाकत. ओळीतल्या पोरांचे डोळे एकापाठोपाठ आले. मग आईचेही. लाल, चिकट, सुजलेले. ती कुठं दाद देतेय! "धूर गेला डोळ्यात," म्हणायची आणि कामाला लागायची. आमचे डोळे आले नाहीत. विठूचे नाहीत, माझे नाहीत. आणि आईच्या मनानं वेगळंच घेतलं. शेजारच्या बायका नमूकडे बघून म्हणायला लागल्या, "सगळ्या आळीची पोरं झोपली, तुमचीच कशी हो ठणठणीत?" आईनं नमूला पदराआड घेतलं. एवढी दृष्ट! आणि पोरीला घरच्या डबीचं काजळ नाही!

वहिनी विहिरीवर धुणं धूत होती. मी ओटीवर होते. आईनं पायरीवर बसून रोजच्यासारखी ओळ आटोपली, चिकट डोळ्यांची पोरंसुद्धा, आणि शेवटच्या पोराच्या केसांना बोट न पुसता ती तशीच पाळण्याशी गेली. नमूच्या दोन्ही डोळ्यांत तिनं घरचं काजळ घातलं. मायेनं, दाबून, भरपूर. वर "इडापिडा टळो" म्हणून गालावरून बोटं मोडली. आईचं नातीवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणेल तर मी त्याच्याशी भांडेन. इतकी माया मी कमी बघितली आहे.

दुसऱ्या दिवशी नमूचे डोळे चिकटले. तिसऱ्या दिवशी डावा उघडेचना. पापणी सुजून वर आलेली, कडेनं पिवळा पू. पोर वहिनीच्या अंगावर प्यायला तोंड लावी आणि सोडून देई, आणि रड तर अशी की बाबा रहाटाकडून धावत यायचे. धन्याचं पाणी झालं, हळदीचा फडका झाला, वहिनीनं अंगावरचं दूध डोळ्यांत पिळलं. काही उतार नाही. आणि आईनं सगळ्यांसमोर, शेजारच्या बायका ओटीवर बसलेल्या असताना, वहिनीला सुनावलं. "शिंपल्यातलं काजळ घालतेस! समुद्राचं काय काय त्यात असतं, कुणाला ठावं? घरची डबी तुला वंगाळ वाटली. ऐक, पोरीचा डोळा गेला तर तुला तळ्याला पोचवीन. एकटीला. पोर हितंच ऱ्हाईल."

त्या दिवसापासून नमू आईच्या अंथरुणात. पाजायला तेवढी वहिनीकडे द्यायची आणि परत घ्यायची. वहिनी माजघराच्या दाराशी बसून राहायची, पोरीच्या रडण्याकडे कान लावून. मी जवळ गेले तर माझा हात धरून ठेवायची. मला सांगता येत नव्हतं, पण मला त्या दिवसांत नमूपेक्षा वहिनीचीच धास्ती जास्त वाटत होती. ती गेली तर? मला आपलं तेवढंच दिसत होतं. ती गेली तर सकाळी माझी हनुवटी कोण धरील?

शेवटी बाबाच बोलले. "छकडा जोडतो. अलिबागला डॉक्टर हाय."

"डॉक्टर डोळा काढंल!" आई ओरडली.

"न्हाय नेलं तरी जाईलच," बाबा म्हणाले. बाबांनी आईच्या शब्दावर शब्द टाकलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

चौल, नागाव मागं टाकत छकडा निघाला. आईच्या मांडीवर नमू, समोर वहिनी, मध्ये मी, पाण्याचा तांब्या धरून. दोन्ही बाजूंनी वाड्याच वाड्या, रहाटांचे आवाज एकातून दुसऱ्यात मिसळत होते. वहिनीच्या मुठीत नमूची शिंपली होती. आईच्या कमरेला डबी.

डॉक्टर पोक्त होते, शांत. त्यांनी आधी हात धुतले, साबण लावून, सावकाश. मग नमूचे डोळे कोमट पाण्यानं पुसत पुसत उघडले. डावा उघडल्यावर ते बराच वेळ वाकून बघत राहिले. "डोळा आहे," ते म्हणाले. "उशीर केलात, पण आहे. बुबुळावर जखम झाली आहे. औषध नीट घातलंत तर राहील."

"ह्या शिंपल्यातल्या काजळानं झालं ना?" आईनं विचारलं. डॉक्टरांनी शिंपली मागितली, उघडली, वास घेतला. मग आईच्या कमरेकडे बोट केलं. आईनं डबी दिली. तीही त्यांनी उघडली, काडीनं आत खरवडून बघितली. "बाळाच्या डोळ्यांत ह्यातलं काही नको आणि त्यातलंही नको," ते म्हणाले. "कितीही चोख असो. हौस असेल तर कानामागं तीट लावा." मग ते आईकडे वळले. रागावून नव्हे, अगदी घरातल्या माणसासारखं त्यांनी विचारलं, "आजी, तुमचे डोळे कधीपासून आलेत?"

आई म्हणाली, "धूर गेला..." आणि थांबली.

"डोळे चोळता, तेच बोट डबीत घालता?"

आईनं आपलं उजवं बोट डाव्या हाताच्या मुठीत धरलं. लहान पोरानं काहीतरी लपवावं तसं. डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली, डोळ्यांत कसं घालायचं ते दाखवलं, आणि दाखवताना नमूला त्यांनी आईच्या मांडीवरून उचलून वहिनीच्या मांडीवर ठेवलं. परत येताना ती वहिनीकडेच राहिली. आईनं मागितली नाही.

माझी एक नात औषधांच्या कॉलेजात शिकते. तिला मी हे सगळं सांगितलं आणि विचारलं, मग वहिनीचं काजळ चांगलं होतं का गं? ती विचार करून बोलणारी मुलगी आहे. म्हणाली, "आजी, काजळी, एरंडेल, लोणी यांत पाणी नसेल तर जंतू सहजी वाढत नाहीत. माका, कापूर त्यांना थोडा अडवतही असेल. पण तपासल्याशिवाय मी ते निर्धोक म्हणणार नाही, बाळाला तर नाहीच. बाजारातल्या कित्येक सुरम्यांत शिसं असतं, ते अंगात भिनतं. तुमच्या काजळात निदान ते नव्हतं. आणि काजळ कितीही चांगलं असलं तरी बोटाचं काय?" शेवटी बोटावर येऊनच थांबली तीही. मी म्हटलं, एकाच बोटानं नमूचा डोळा घालवत आणला, आणि एका बोटाची मला अजून आठवण येते. ती म्हणाली, "आजी, हे मला परीक्षेत लिहिता येणार नाही."

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं पायरीशी ओळीनं उभी होती. आई बाहेर आली नाही. मी मागच्या दारी गेले तर ती विहिरीशी बसली होती आणि राखेनं डबी घासत होती. काळं पाणी अळवाच्या वाफ्यात चाललं होतं. तिच्या सासूचं, सासूच्या सासूचं, सगळं. डबीचा तळ लख्ख पिवळा दिसायला लागला तरी ती घासतच होती. मी "आई" म्हटलं तर वर न बघता म्हणाली, "पोरांना सांग, घरी जा म्हणावं." पुढं ती डबी फडताळात गेली, रिकामी. आईनं त्यानंतर स्वतःच्या डोळ्यांतही काजळ घातलं नाही. बायका विचारत, सवाष्ण बाई, डोळे असे भुंडे का? "चुरचुरतात," म्हणायची.

नमूचा डोळा राहिला. डाव्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढं पांढरं फूल तेवढं पडलं. आज ती सत्तरीच्या घरात आहे, बोरिवलीला असते, आणि अजून जाड चष्मा लावून मासे स्वतः निवडून घेते. वहिनीला मात्र जाऊन फार वर्षं झाली. मुंबईला गेली ती गेली. गणपतीला चार-दोनदा आली, मग माझं लग्न झालं, मग भेटी लग्नाकार्यात, घाईच्या. तिच्या शेवटच्या आजारात मला वेळेवर पोचता आलं नाही. खूप काही बोलायचं राहिलं, असं लोक म्हणतात. मला बोलायचं काहीच नव्हतं. मला नुसतं तिच्याजवळ शेंगा सोलत बसायचं होतं.

पण तिचं मुंबईला जाणं सांगायचं राहिलं. नमू चालायला लागली आणि दादाला खोली मिळाली. आई वहिनीशी तोवर नीट वागत होती, उणं एक अक्षर नाही. पण त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल ती कधी काही म्हणाली नाही, आणि वहिनीनं कधी आठवण करून दिली नाही. दोघी एका चुलीशी बसत, आणि मध्ये ते बोलणं बसलेलं असे. निघायच्या दिवशी आईनं पहाटे उठून वाटेसाठी भाकऱ्या केल्या, सुकं खोबरं बांधलं, पांढऱ्या कांद्याची माळ बांधली. आम्ही सगळे बंदरावर गेलो, पाण्याचा तांब्या माझ्याकडे. आगबोट लांब पाण्यात उभी होती, तिच्यापर्यंत मचव्यातून जायचं. भोंगा झाला. दादा सामान चढवायला लागला. वहिनीनं माझ्या डोळ्यांत काजळ घातलं, हनुवटी धरली, "आता बघ," एवढंच म्हणाली. मी रडायला लागले तशी म्हणाली, "रडू नको, उतरंल." पण तीच रडत होती.

आई दादाच्या ट्रंकेवर बसली होती. तोंड समुद्राकडे. मचव्यावरचा तांडेल ओरडला, "ट्रंक द्या की!" आई उठली नाही. तिनं मान वळवून वहिनीकडे बघितलं आणि विचारलं,

"माझी शिंपली कुठाय?"

वहिनीनं क्षणभर तिच्याकडे बघितलं, आणि कमरेच्या चंचीतून ती काढली. लाल दोऱ्याची. देवाच्या कोनाड्यातून निघून ती तिच्याबरोबर मुंबईला चालली होती. दोरा सोडला, झाकण उघडलं. आतलं काजळ ताजं होतं, ओलसर, चकाकणारं. म्हणजे प्रत्येक वेळी काजळ केलं की ती आईच्या शिंपलीतलं जुनं काढून नवं भरत होती. आई ते लावत नाही हे ठाऊक असून. आईला ते बघताच कळलं. तिचा खालचा ओठ हलला. वहिनीनं माझ्या हातातल्या तांब्यातल्या पाण्यानं बोट धुतलं, पदराला पुसलं, आणि वाकून सासूच्या डोळ्यांत काजळ घातलं. एक डोळा. पुन्हा बोट धुतलं. मग दुसरा. मग तिनं, मला करायची अगदी तसं, आईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"आता बघा कशा दिसता, आत्याबाई."

आईनं तिला जवळ ओढलं.

मचवा गेला, आगबोट गेली, धूरही गेला. शिंपली आईच्या मुठीत होती. परत येताना आम्ही पेठेतून आलो. आईच्या गालांवरून काळे ओघळ हनुवटीपर्यंत आले होते, आणि दुकानांतली माणसं वळून बघत होती. बाबा हळूच म्हणाले, "तोंड पूस गो, लोक बघतात."

"बघू देत," आई म्हणाली.

घरी येऊन तिनं हातपाय धुतले, बैलाला पाणी दाखवलं, चूल पेटवली. तोंड मात्र तिनं त्या दिवशी धुतलं नाही.